अर्ज क्रमांक अकरा

५ मार्च १९८४, सोमवार. बेळगाव.
ट्रस्टमध्ये प्रोग्रॅम ऑफिसर झाल्यापासूनचं पहिलं ट्रेनिंग. अनुदान कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, ते शिकवणार. कुणाला देऊ नये हे मी निपाणीहूनच ठरवून आलोय. नागोजी मास्तर! माझ्या सत्कारात साऱ्या गावासमोर हसत हसत नारळ दिला. घरी फोडला तर कुजका. आता त्याचाही अर्ज आलाय म्हणे. कशासाठी, ते सांगत नाही. लबाड.

७ मार्च.
ट्रेनर देवाप्पा सर म्हणाले, मनात राग ठेवून अर्ज वाचू नका, आधी माणसाचं ऐकून घ्या. लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

११ मार्च, रविवार. निपाणी.
घरी आलो. बायको मालू वखारीतल्या बायकांच्या पोरांबद्दल काहीतरी सांगत होती. मी पेपर वाचत होतो. हूं म्हटलं.

१४ मार्च, सकाळी ११. बेळगाव.
आज खरे अर्ज तपासायला दिले. नावगाव काळ्या शाईनं झाकलेलं. पण मला कोण फसवणार? क्रमांक अकरा: तंबाखू निवडणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर. त्यात लिहिलंय, 'आमच्यात एक शिकलेला ऑफिसर आहे. त्याला तीनदा सांगितलं. तो पेपर वाचत बसतो.' नागोजीच! हा टोमणा मलाच.
शेरा मारला: 'अर्जदार भांडखोर दिसतो. याच्या हाती लहान मुलं सोपवू नयेत. नामंजूर.' काय समाधान वाटलं!
क्रमांक चार, वाचनालय. भाषा नम्र. 'आदर्श अर्ज' लिहिलं. मी न्यायी माणूस आहे.

१६ मार्च.
नामंजूर झालेल्यांना दोन वर्षं अर्ज करता येऊ नये, असा नियम सुचवला. पास झाला. देवाप्पा सर माझ्याकडे बघतच राहिले. प्रभावित झाले असावेत.

२ एप्रिल, निपाणी. संध्याकाळ.
ट्रस्टची पत्रं आली. नागोजी पेढे घेऊन आला, वर नारळ. म्हणाला, "आण्णा, वाचनालय मंजूर झालं बघा. त्या येळचा नारळ दुकानदारानं कुजका दिलता, लई लाज वाटली मला."
तेवढ्यात मालू आतून तिला आलेलं पत्र घेऊन आली. आठ महिने वखारीच्या दारात उभी राहून तिनं अर्जासाठी बायकांचे अंगठे गोळा केलेले. मला माहीत नव्हतं. म्हणजे तिनं सांगितलं होतं. तीनदा.
पत्रातला माझा शेरा, खाली नाव नसलेला, तिनं नागोजीसमोर मोठ्यानं वाचला. रडली नाही. म्हणाली, "पोरं अजून तंबाखूच्या धुळीतच निजत्यात. आनी दोन वर्सं! अवो, तुमी ऑफिसर हाय न्हवं? ह्ये लिवणारा कोन हाय त्यो हुडकून काढा. सोडू नगा त्याला."
उद्यापासून शोध सुरू करतो, असं सांगितलं.
तिनं नागोजीचा नारळ फोडला. चांगला निघाला. मला खाववेना.