सहा सेकंदांची जागा

८ जानेवारी १९७३, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज. आपल्या 'हरवलं-सापडलं' या टीव्ही मालिकेवर सिनेमा निघणार! लेखक मी एकटा. चार वर्षं ग्लेनिस आणि मी मिळून ही मालिका लिहिली. स्टेशनवर हरवलेल्या सामानाची एक खोली, त्यात छत्र्या सांभाळणारे भांडखोर मिस्टर ब्लेंकिन, बस्स. ग्लेनिस म्हणाली, "क्लिफ, त्यांना त्या खोलीतच राहू दे रे." बाई हुशार, पण झेप नाही. मालिका तिलाच देऊन टाकली. मी आता सिनेमावाला. चहा बंद, फक्त कॉफी.

१० जानेवारी
कॉफीने पित्त झालं. चहा.

२२ जानेवारी
कथा ठरली. ब्लेंकिन सुटीवर स्पेनला जातात. निर्माते म्हणाले, मालिकेचा सिनेमा झाला की सगळे स्पेनलाच जातात. म्हणजे परंपरा आहे.

५ फेब्रुवारी
एक मोठा शोध लावला. मालिकेचं चित्रीकरण दर शुक्रवारी मँचेस्टरच्या स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर. ते हसले की नट थांबतात. (सगळ्यांत मोठ्याने हसते माझी आई. पहिली रांग, एकही शुक्रवार चुकवत नाही.) सिनेमाच्या सेटवर हसणार कोण? नट न थांबता बोलत सुटले तर थिएटरातल्या हशात पुढचे विनोद बुडायचे! म्हणून जुने भाग लावून घड्याळाने हशे मोजले. चांगल्या विनोदाला सहा सेकंद. तेवढी जागा पटकथेत मोकळी सोडली. एकूण त्र्याण्णव जागा. ग्लेनिसने विचारलं, "आणि कुणी हसलंच नाही तर?" जळते. मोठ्या मनाने माफ केलं.

१४ मार्च, मार्गेट
स्पेन इथे इंग्लंडच्याच गार किनाऱ्यावर, मार्गेटला उरकतोय. समुद्र तो समुद्र. आमचा ब्लेंकिन करणारा नट म्हणजे विल्फ, वय सदुसष्ट. चड्डीवर उभा राहून "काय हे ऊन!" म्हणतो आणि तोंडातून वाफ निघते. उपाय: शॉटआधी तोंडात बर्फ. विल्फ म्हणाला, "साहेब, युद्धातसुद्धा मला इतकं कुणी छळलं नव्हतं." मजेत आहे.

१५ मार्च
विल्फ तापाने फणफणलाय.

१९ मार्च
उरलेलं स्पेन एका हॉटेलच्या खोलीत. खोलीत विनोद बरे जमतात असं दिसलं. योगायोग.

११ ऑक्टोबर, गुरुवार
सिनेमा लागला. स्टॉकपोर्टला आमच्याच गावात आईला घेऊन गेलो. पहिला विनोद. सहा सेकंद. कुणीतरी कुरकुरीत काहीतरी खात होतं, ते स्पष्ट ऐकू आलं. चौथ्या जागेला मागून एकजण ओरडला, "यंत्र बिघडलं काय हो?" त्यावर मात्र सगळे हसले. सात सेकंद. आई बिचारी प्रत्येक जागेला एकटीच हसत होती. चाळिसाव्या जागेला टॉर्चवाली बाई येऊन तिला म्हणाली, "आजी, हळू. लोकांना त्रास होतोय." आई गप्प झाली. उरलेल्या त्रेपन्न जागा मी मोजल्या.

१२ ऑक्टोबर
जाणकार प्रेक्षक मनातल्या मनात हसतो.

२४ ऑक्टोबर
सिनेमा उतरला. ग्लेनिसला फोन केला. म्हटलं, तुला लिहायला मदत लागत असेल तर शुक्रवारी येतो. म्हणाली, "ये की. तिकीट ठेवते." तिकीट?

२ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रेक्षकांचं तिकीट. पहिली रांग, आईशेजारी. ग्लेनिसचा नवा भाग: ब्लेंकिन सुटीवरून परत येतात. खोली तीच, छत्र्या त्याच. कुणीतरी विचारतं, "कसं होतं स्पेन?" विल्फने कोट खुंटीला टांगला. चहा ओतला. साखर घातली. ढवळत राहिला. बोलला काहीच नाही. लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. सवयीने घड्याळ लावलं होतं, चौदा सेकंदांनंतर ते बघायचंच राहिलं, कारण मी स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो. निदान हसण्यामुळे आलं असं वाटलं.
आईने कोपर मारलं. म्हणाली, "बाळ, हळू. लोकांना त्रास होतोय."