माझ्या ट्रॉम्बोनची आणि घराची व्यवस्था

मी, दयाराम सहदेव तायडे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, धंदा ट्रॉम्बोन वाजवणे, राहणार सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वखुशीने करतो. माझे डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण मुलगा धम्मदीप पुढे काहीही म्हणू शकतो. धंद्याच्या जागी ‘शेती’ लिहा, असे त्याने सुचवले होते. शेती मी कधी केली नाही.

१. ट्रॉम्बोन माझी नात महामाया धम्मदीप तायडे हिला द्यावा. हा पितळेचा लांब पोंगा. नळी पुढेमागे सरकवून सूर काढतात. मी तो मलकापूरला रहेमतुल्ला यांच्या बँडात, लग्नाच्या वराती वाजवत शिकलो. तिथून मुंबईला जाऊन एका मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवू लागलो. जॅझमध्ये चाल सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग एकेकाने उठून तीच चाल आपल्या मनाने वाजवायची. माझी पाळी आली की मी उठत असे. समोर साहेब लोक बसलेले आणि आमच्या वस्तीतला माणूस उभा. हॉटेलने वादक काढले तेव्हा मलकापूरच्या बँडात परत आलो, पण वाजवणे बदलले नाही. एका वरातीत नवरदेवाचा काका ओरडला, "काऊन बे, पोंगा वाकडा वाजवून राह्यला?" मी म्हटले, "पैसे सरळ वाजवायचेच घेतले, भाऊ. वाकडं फुकट हाय."

२. ट्रॉम्बोन मोडीत देऊ नये. शोकेसमध्ये ठेवू नये. चिंचेने घासू नये. सून पुष्पांजलीने बुद्धपौर्णिमेला पितळी भांड्यांबरोबर तोही आतबाहेर चिंच-राखेने घासला आणि नळी अडकली. तिने मायेने केले, राग नाही. मलकापूरच्या नौशादने, रहेमतुल्लांच्या मुलाने, ती सरकती केली. आत फक्त पातळ तेल घालावे. परत लिहितो: आत राख नको.

३. बँकेतील ठेव पत्नी रुख्मिणी हिची. वाजवून ओठ फुटत, तेव्हा ती तूप लावी आणि म्हणे, "फुका, पण जेवून फुका."

४. घर. धम्मदीप शाळेत मास्तर आहे. स्वतःच्या सोयरिकीत त्याने सांगितले, "बाबा मुंबईले कंपनीत होते." ते मी गिळले. आता नात सरावाला बसली की तो दार लावतो. म्हणतो, "मास्तरची पोरगी बँडवाली झाली म्हणतात लोकं. तिचं लग्न कसं होईन?" महामाया म्हणाली, "पप्पा, तुमी दार लावा, मी खिडकीतून वाजवीन."

तरीही घर धम्मदीपलाच देतो. अट एकच. महामाया या घरात, दार उघडे ठेवून, वाटेल तेव्हा वाजवेल. त्याने तिला अडवले, तर त्या दिवसापासून घर तिचे.

वकील म्हणाले, "आजोबा, ही अट टिकन का नाही, सांगता येत नाही." मी पाणी प्यालो, पण अट खोडली नाही. ज्याला ती मोडायची असेल, त्याने बुलढाण्याच्या कोर्टात चारचौघांत उभे राहावे आणि ‘माझा बाप जॅझ वाजवत होता’, हे आधी मोठ्याने सांगावे.

वाचून पाहिले, बरोबर आहे. साक्षीदारांसमोर सही करतो.

दयाराम सहदेव तायडे (सही)

साक्षीदार:
नौशाद रहेमतुल्ला शेख, मलकापूर (सही)
अश्वजित काशीराम इंगळे, सोनाळा (सही)

सोनाळा, ९ नोव्हेंबर २०२५