बारा मोठे की वीस

प्रिय शाबान दाजी,

पुन्हा तेच. मी लिहितो वीस बोरची बंदूक घ्या, आणि तुम्ही उत्तरात बारा बोरवरच्या नक्षीचं कौतुक कळवता. इद्रिस तेरा वर्षांचा आहे, अंगाने त्याहून लहान. पहिली बंदूक हलकी हवी, धक्का सोसवेल अशी. बाबा असते तर माझ्या धाकट्या भावासाठी तुमच्याशी एवढी हुज्जत घालावी लागली नसती.

तुम्ही पाठवलेला फोटो मी खोलीतल्या पोरांना दाखवला. बंदुकीचा लाकडी दस्ता इद्रिसच्या खांद्याला नाही, काखेत आहे, आणि पोरगं मागे कललंय. भट्टीवरचा रेजेप म्हणाला, "पोराने बंदूक धरलीय की बंदुकीने पोर?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. मलाही पहिल्यांदा बारा बोरच दिली होती. खांदा काळानिळा झाला, ते बरं झालं. पण अजून चाप ओढताना माझे डोळे मिटतात. माझ्या हातून एक लावा पक्षी पडला नाही. 'आंधळा साब्री' हे नाव गावात तुम्हीच पसरवलंत, दाजी.

बरं, दस्ता तरी कापा म्हटलं. कोपरात टेकवला की बोट चापावर पोचेल इतका. तर तुम्ही म्हणता, "असलं अक्रोडाचं लाकूड करवतीखाली घालवत नाही. पोर काय, वाढेल." वाढेल की. तोवर बंदूक कुणाच्या खांद्यावर?

ताई भोळी, सगळं लिहिते. तुम्ही आईला सांगितलंत म्हणे, "आई, वीसपेक्षा बारा लहान. पोरासाठी लहानच बघितलीय." आई खूश. बंदुकीत आकडा लहान तितकी नळी मोठी, हे तिला कुठून ठाऊक? मी तिसरीतून शाळा सोडली, तरी मला कळतं. तुम्हाला तर माझ्याआधीपासून कळतं.

इथे जर्मनीत, डुइसबुर्गात जीव रमत नाही. सुट्टी मागितली तर मुकादम म्हणतो, नाताळात बघू. लावे काय नाताळासाठी थांबणार आहेत? सप्टेंबरात ते समुद्र ओलांडून आपल्या उतारावर उतरतील, तेव्हा इद्रिसच्या पाठीला हात लावून उभा राहणारा घरात एकच बाप्या, तो म्हणजे तुम्ही. पहिली गोळी झाडताना पोराचा सगळा भरवसा त्या मागच्या हातावर असतो. तो हात खोटा निघू नये, म्हणून आईला काही न कळवता तुम्हाला लिहितोय. सुर्मेनेच्या बंदुका बनवणाऱ्या नुरी उस्तांना वीस बोरची सांगून ठेवलीय. पैसे परस्पर त्यांनाच जातील. इद्रिसचं माप घेऊन ते दस्ता कापतील. कापलेली चकती मला टपालाने पाठवा. ती हातात पडली की तुमच्यावर विश्वास ठेवीन. पोराचा हात लांबला की ती परत जोडायला मीच येईन.

तुमचाच,
साब्री

ता. क. ताईने हेही लिहिलंय, की तुमच्या स्वतःच्या बारा बोरच्या बंदुकीची नळी फाटली. आधीच सांगायचं होतं, दाजी. उस्तांना चारशे जर्मन मार्क पाठवतोय, आणि नव्या नळीसाठी तुमच्या नावाने वेगळे दीडशे.