सातवी ब आणि न गिळलेला घास

सोमवार, ६ जानेवारी
मोठ्या बाईंनी मीटिंग घेतली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मोठेपणा फक्त खुर्चीचा. यंदा प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात स्टॉप मोशन अ‍ॅनिमेशन करायचं. ७ फेब्रुवारीला संस्थेची कमिटी बघायला येणार आणि त्यानंतर पर्यवेक्षकाची रिकामी जागा भरणार. हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी चित्रकलेच्या बाईंकडे बघितलं. माझं लक्ष होतं.
स्टॉप मोशन म्हणजे काय, हे तिथे कोणाच्या बापाला माहीत नव्हतं. मी उभं राहून सांगितलं, मोशन स्टॉप करायचं म्हणजे वर्ग गप्प बसवायचा. बावीस वर्षं विज्ञानाच्या तासाला तेच करतोय, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. सगळे हसले. चित्रकलेच्या बाई सगळ्यात शेवटी थांबल्या.
हसा. सेवाज्येष्ठता माझी आहे. दादाला फोन करून पर्यवेक्षक झालो असं सांगून टाकलं. महिनाभराचा तर प्रश्न.

मंगळवार, ७ जानेवारी
आता कळलं. क्लेचा माणूस करायचा, किंचित हलवायचा, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. पुन्हा किंचित, पुन्हा फोटो. असे बारा फोटो भराभर दाखवले की एक सेकंद हालचाल. असली कामं रिकामटेकड्यांना सुचतात.
विषय ठरवला: पचनसंस्था. एक घास तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात, तिथून लहान आतड्यात. समाप्त. पुढे मोठं आतडं आहे हे मला ठाऊक आहे. कमिटीसमोर नको.
संकल्प: चिडायचं नाही. रोज दोन सेकंद. सगळं मुलांच्या हातून करून घ्यायचं. हे उपक्रमाच्या परिपत्रकात तीनदा लिहिलंय. एकदा लिहिलं असतं तरी मला वाचता येतं.

शुक्रवार, १० जानेवारी
पहिला संकल्प मोडला. दोष माझा नाही. मुलांनी क्लेचा माणूस केला: टक्कल, पुढे आलेलं पोट, खिशाला दोन पेनं. हा कोण, असं विचारलं. दहा जणांनी एका सुरात सांगितलं, कोणीच नाही सर. मी काही विचारायच्या आत अकरावा म्हणाला, तुम्ही तर नाहीच.
काळ्या क्लेने टक्कल झाकलं. पेनं राहू दिली.

मंगळवार, १४ जानेवारी
शूटिंग सुरू. क्लेचा माणूस पोट उघडं टाकून टेबलावर आडवा, वर स्टुलाला उलटा बांधलेला माझा मोबाईल. वर्गात एक मुलगी आहे, तिला मी मनातल्या मनात प्रश्नपत्रिका म्हणतो. तिने विचारलं, लहान आतड्यात राहिलेलं अन्न पुढे कुठे जातं? वर्ग फिदीफिदी हसला. कमिटीसमोर नको, असं सांगून तिला बाहेर काढलं. तिने तोच प्रश्न खिडकीतून विचारला.
शेवटी तोंड बंद राहावं म्हणून तिला फोटो काढायच्या कामाला लावलं. एकूण झालेलं काम: पाव सेकंद.

सोमवार, २० जानेवारी
पोरांना घास धड धरता येत नाही. कोणी चेपतं, कोणी तिरका ठेवतं, एकाने चक्क नाकात घातला. मला सरळ करावा लागतो. आणि मी सरळ करायला गेलो की ही प्रश्नपत्रिका ओरडते, हात! शिक्षकाला? हाड म्हटल्यासारखं? मी सर आहे, रस्त्यावरचा कुत्रा नाही.
हा शब्द वर्गात बंद केला. पुन्हा उच्चारलात तर पालकांना बोलावीन. त्यानंतर तिने एक अक्षर न काढता सत्तर फोटो काढले. दरारा म्हणतात तो हा.

गुरुवार, २३ जानेवारी
मुद्दाम चित्रकलेच्या बाईंच्या वर्गावरून गेलो. पोरं टेबलाभोवती, जमिनीवर, सगळीकडे कागद. बाई मागच्या बाकावर बसून चहा पीत होत्या! तडक मोठ्या बाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, परिपत्रकात तसंच लिहिलंय, शिक्षकाने मध्ये पडू नये. चहाचं कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. त्यांनी घड्याळ बघितलं.
या शाळेत मला सगळे पाण्यात बघतात.

गुरुवार, ३० जानेवारी
एकूण अकरा सेकंद. मुलांच्या भरवशावर राहिलो तर पर्यवेक्षक न होताच रिटायर होईन. आजपासून सगळं मी हलवणार. प्रश्नपत्रिका बटण दाबणार. बाकीचे हाताची घडी, तोंडावर बोट. काय शिस्त! काय शांतता! रोज पाच सेकंद सहज होतील.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
संपलं. चाळीस सेकंद. चारशेऐंशी फोटो. प्रश्नपत्रिका म्हणाली, सर, एकदा लावून बघू या. मी म्हटलं, ज्याने स्वतः काम केलंय त्याला तपासायची गरज नसते. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुधारतेय.
घरी हिचंही तेच, एकदा बघून घ्या. ही पण त्यांना सामील. भाषण पाठ केलं. नवा शर्ट इस्त्री केला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, दुपारी ४
हॉलमध्ये पडदा, सगळी शाळा, कमिटीचे तिघं. पाटी आली: पचनसंस्था. क्लेचा माणूस तोंड उघडतो. घास तोंडाशी येतो. वरून एक भलामोठा हात येतो आणि घास घेऊन जातो. घास पुन्हा येतो. हात पुन्हा येतो. जठरात माझं घड्याळ दिसतं. चाळीस सेकंद तो बिचारा आ वासून पडलेला आणि त्याला कोणी एक घास गिळू देत नाही.
हॉल कोसळायचा बाकी होता. कमिटीतल्या बाईंनी डोळे पुसत विचारलं, 'तोंडचा घास हिरावून घेणे' हा वाक्प्रचार शिकवायचा होता का? मराठीचा उपक्रम आहे का?
मी हो म्हणालो.
मग त्यांनी मुलांना विचारलं, तुम्ही यात काय केलंत? सगळ्यांनी मिळून सांगितलं, हाताची घडी. घास शेवटी कुठे जातो? कोणालाच माहीत नाही, सर म्हणाले कमिटीसमोर नको.
मोबाईल सदोष आहे. असे हात आपोआप उमटतात, असं कुठेतरी वाचलंय. प्रश्नपत्रिकेला विचारलं, फोटोत हात दिसत होता तर बोलली का नाहीस? तिने शांतपणे सांगितलं, तो शब्द बंद आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी
अंगात कणकण. रजेचा अर्ज पाठवला. हिने कपाळाला हात लावून बघितला, म्हणाली, ताप नाही. मी म्हटलं, आतला आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी
चित्रकलेच्या बाई पर्यवेक्षिका झाल्या. शिपायाने फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज आनंदी होता. संध्याकाळी दादा आणि वहिनी हार घेऊन आले. मी घरी नाही असं सांग, असं हिला सांगितलं. हिने दार उघडून सांगितलं, ते आत आहेत आणि पर्यवेक्षक झालेले नाहीत.
दादा पाणी प्यायला, हार पिशवीत ठेवला. मला त्याच्यासमोर रडू आलं. लहान असताना सुद्धा कधी आलं नव्हतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळी ११.४०
रजा संपली. वर्गात गेलो. कोणी उभं राहिलं नाही. सगळे टेबलाभोवती. मी नव्हतो त्या तीन दिवसांत यांनी कोणाच्या तरी आईचा मोबाईल स्टुलाला बांधून चित्रपट पहिल्यापासून पुन्हा करायला घेतलाय. वर्गातला प्रत्येक जण घास थोडा थोडा पुढे सरकवतो. घास मोठ्या आतड्यापर्यंत पोचलाय. हे कोणी शिकवलं, असं विचारलं. म्हणाले, पुस्तकातच आहे. पान साठ.
घास मला जरा तिरका वाटला. पुढे झालो. प्रश्नपत्रिका अगदी नम्रपणे म्हणाली, सर, तुमची सावली पडते, दाराशी उभे राहाल का?
दाराशी उभा राहिलो. तिथूनही पडते म्हणाली.

११.५५
व्हरांड्यात आहे. लिहायला इथे उजेड चांगला आहे. नव्या पर्यवेक्षिका फेरीवर आल्या. वर्ग सोडून बाहेर का उभे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आत मुलं शिकतायत. त्यांनी खिडकीतून बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी हसल्या नाहीत.
ते जास्त लागलं.