डोकं माझं आहे, शेगडी परत द्या

अंगोस्तुरा, मंगळवार

प्रिय अरासेलीताईला तिच्या मावसबहिणीचा, म्हणजे नोरालबाचा, नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना पवित्र मरिया बळ देवो. भावोजींचा खोकला थांबला का? नसेल तर म्हणावं, निदान सिगारेट तरी थांबवा. माझी तब्येत उत्तम आहे. मुद्दाम लिहिते, कारण इकडे कुणाला ते पटत नाही.

तुला ठाऊकच आहे, माझ्या बाबांच्या घराण्यात चाळिशी उलटली की बोबेरा येते आणि माणूस घरदार विसरतो. बाबा गेले तसेच. भाऊ ओटोनियल तर खेचराला साहेब म्हणतो. (खेचर आता माझ्याकडूनही तीच अपेक्षा धरतं.) मी साठीला टेकले तरी मला सगळं आठवतं, वहिनीने परत न केलेल्या कढईसकट. म्हणून शहरातल्या डॉक्टरांनी बोलावलं. रक्त काढलं, डोकं मशीनच्या नळकांड्यात घातलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घराण्याची खोट तुमच्या रक्तातही आहे. मेंदूत घाणही तुमच्या भावापेक्षा जास्त साठलीय. पण आणखी एक वेगळी खोट दिसते. ती पहिलीला आवर घालत असावी." म्हटलं, म्हणजे घरात दोन चोर, आणि दुसऱ्याने पहिल्याची मानगूट धरलीय. त्या हसल्या. म्हणाल्या, नक्की नाही, पण तसंच काहीसं.

मग परीक्षा घ्यायला एक नवा डॉक्टर बसला. म्हणे, काही शब्द सांगतो, लक्षात ठेवा. ताई, तेच शब्द! बाबांना, काकांना, ओटोनियलला तेच विचारले, आणि दर वेळी शेजारी मीच बसलेली. आपल्या गल्लीतली पोरं तेच म्हणत दोरीच्या उड्या मारतात. त्याने तोंड उघडायच्या आत मी घंटा, लोणी, शिडी, वासरू सगळं म्हणून टाकलं. तो पांढराफटक. "बाई, मी अजून सांगितलेच नाहीत!" रुबिएला वहिनी दारात होती. तिने तेवढंच ऐकलं. बसमध्ये रडली आणि उतरताच गावभर केलं, "गेल्या हो आमच्या वन्सं, न विचारता बोलायला लागल्या!" (जशी काही आधी मी विचारून बोलायचे.)

तेव्हापासून माझी शेगडी कुलपात. का, तर मी घर जाळेन. येणारा-जाणारा विचारतो, आत्या, आज वार कोणता? मी म्हणते, तुला काम नसल्याचा. पाद्रीबाबांनीही विचारलं. त्यांना म्हटलं, परवाचं प्रवचन तुम्ही ईस्टरलाही दिलं होतं. पुन्हा फिरकले नाहीत. वहिनीच्या हातच्या अरेपा, म्हणजे मक्याच्या करपलेल्या भाकऱ्या, खाऊन जगतेय. त्यापेक्षा बोबेरा बरी.

पण बोबेरेला ज्या डोक्याने उंबऱ्याबाहेर थोपवलं, ते एका कुलपाला भीक घालणार नाही. परसात दगडांची चूल मांडलीय. आत्ता तीवर घेवडा रटरटतोय आणि धूर थेट वहिनीच्या खिडकीत जातोय. वारा माझ्या बाजूचा आहे.

तुझी, शाबूत,
नोरालबा

ता. क. रविवारी ये. वहिनी तुझ्यापुढे चकार शब्द काढत नाही. किल्ली तिच्या गळ्यात आहे, क्रुसाशेजारी.

आणखी एक. मी मेले की मेंदू डॉक्टरांना द्यायचा. वहिनी रडत बसेल, म्हणून कागदावर तुझं नाव दिलंय. ओटोनियलची मुलं चाळिशीकडे चाललीत. जेवताना माझ्या तोंडाकडे बघत बसतात, विचारत काहीच नाहीत. त्यांच्यासाठी तरी त्या दुसऱ्या चोराचा पत्ता लागू दे.

पण त्याची घाई नाही. आधी शेगडी.