पाठमोरी नाव

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥
ढोकी, ता. ४ नोव्हेंबर १९४३

चि. गुंडप्पास अव्वाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं अन् हातातली पळी गळून पडली. पुण्याला तुला इंजिनिअर व्हायला धाडलं की नावाडी? कॉलेजच्या बोट क्लबात नाव घातलंस, आणि वर लिहितोस की नावेत वाटेकडं पाठ करून बसायचं, वल्हं छातीशी ओढायचं. अरे, रेडासुद्धा पुढं बघून चालतो!

अप्पा हसले. म्हणाले, पोरगं विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकलंय, बुडत नाही. पुढची ओळ मी त्यांना वाचून दाखवलीच नाही. वल्ह्याची मूठ गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर, चौक्यावर आदळते, म्हणून तासभर लिंग खोलीत ठेवू का, असं विचारतोस? गुंडप्पा, तान्हेपणी मठातल्या अय्यांनी बांधलेलं लिंग मातीत जाईपर्यंत अंगावेगळं होत नाही. नाव सोड, लिंग सोडू नको. मुनवरलाही आवर. पाशामियाँ पटवेकऱ्यांचा एकुलता आहे तो, तुझ्या नादानं पाण्यात शिरलाय.

उलट टपालानं लिही. माझी माया आहे तशीच आहे, राग वेगळा.
तुझी अव्वा,
चन्नम्मा

पुणे, ता. १९ नोव्हेंबर १९४३

ती. सौ. अव्वास गुंडप्पाचे शरणार्थ. सा. न. वि. वि.

लिंग काढलं नाही. नावही सोडवेना. बनियनच्या आत घट्ट बांधून बसलो. नवशिक्याच्या हातून होतं तसं वल्हं पाण्यात अडकलं, मूठ उलटून छातीवर बसली आणि मी नदीत. वर आलो तर गळा मोकळा. शिवदोरा तुटून लिंग तळाला गेलं.

लिंग नाही तर अन्न नाही, हे तूच शिकवलंस. घाटावर बसून राहिलो. नावेत वाटेकडं तोंड एकट्या मुनवरचं, तो सुकाणूला. मी कुठं पडलो ते त्यानंच बघितलेलं. तो बुड्या मारत राहिला. दुसऱ्या दिवशी वर आला तो रिकाम्या हातानं. म्हणाला, दिसलंय, पण मी हात लावणार नाही, तूच घे. माझं मनगट धरून त्यानं मला तळाशी नेलं.

आता ते छातीशी आहे. तू म्हणशील तर नाव सोडतो. लेकरावर लोभ ठेव.
गुंडप्पा

ढोकी, ता. २६ नोव्हेंबर १९४३

चि. गुंडप्पास अनेक आशीर्वाद.

दुसरा कागद पाकिटाला चिकटून राहिला होता रे! पहिला 'लिंग तळाला गेलं' इथं संपला. मी कागद तसाच अप्पांपुढं टाकला. अप्पांनी पाकीट फाडलं, तेव्हा मुनवर बाहेर आला.

तडक त्याच्या आईकडं, फरिदाबीकडं गेले. म्हटलं, तुझ्या पोरानं माझं पोर राखलं. ती म्हणाली, वैनी, तोही उपाशीच होता, दोस्त जेवत नाही तर मी कसा खाऊ म्हणून त्यानं लिहिलंय. गुंडप्पा, हे तुला तरी ठाऊक होतं का?

अय्यांना विचारलं. लिंग मस्तकावर बांधलं तरी चालतं म्हणाले. पाशामियाँनी डोक्याला पुरेल एवढा रेशमी शिवदोरा वळून दिलाय. वर रुमाल घट्ट आवळ. शेंगदाण्याचे लाडू धाडलेत, आधी मुनवरला, उरले तर तुला.

नाव सोडू नको. पण मुनवर सुकाणूला नसेल त्या दिवशी बसायचं नाही.

दोघांवरही माया असणारी,
तुमची अव्वा