दोन वर्षं जगायची सक्ती

पलूस, ३ सप्टेंबर १९६४

ती. सौ. आक्काताईस मानसिंगचा सा. नमस्कार. वि. वि.

आजोबांनी सांगलीतल्या हळदीच्या वखारी माझ्या नावावर केल्या, त्या दुपारी माझं सगळं उलटंपालटं झालं. वकील म्हणाले, बक्षीस दिल्यावर आजोबा दोन वर्षं जगले तर त्यावर मृत्युकर लागायचा नाही. झालं! आण्णांनी स्वतःच्या बापाला लोणच्याच्या बरणीसारखं जपायला घेतलंय. तंबाखू बंद, रस्सा बंद, यंदा कुंडलच्या कुस्त्याही बंद. आणि माझं लग्नही! लीलाचं नाव काढलं तर म्हाताऱ्याच्या काळजाला धक्का बसेल म्हणे.

लीलाच्या वडिलांनी जन्मभर पलटणीत राहून पोरीसाठी एक लोखंडी ट्रंक आणली. मी कॉलेज अर्ध्यात सोडून आलो, तर मला वखारी! त्यातून सरकारनं वाटा घेतला तर काय चुकलं? आण्णांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, हे शहाणपण परीक्षेत दाखवायचं होतंस.

दिवाळीनंतर लीलाला बघायला लोणंदचे पाहुणे येणार. दोन वर्षं कुठली थांबतेय ती! काय करू?

कान पिळायचा तर पत्रातून पीळ, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा मानसिंग

सातारा, ९ सप्टेंबर

चि. मानसिंगास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे दाजी हसले, मी नाही. अरे, आण्णांनी त्याच वखारींत पाठीवर पोती वाहिलीत. करापायी त्या वखारी विकाव्या लागल्या तर त्यांच्या पोटात तुटणारच. पण तुझंही खोटं नाही. फक्त न्यायासाठी सरकारपर्यंत कशाला जातोस? वखारी तुझ्या नावावर झाल्या तेव्हा मला एक इरकली लुगडं आलं. सरकार निदान वाटा मागतं तरी. मी तोही मागितला नाही.

आणि आजोबांना कुणी विचारलंय का? लीलाचं त्यांनाच सांग. एवढा पैलवान, नातसुनेच्या नावानं चीत व्हायचा नाही.

डोकं थंड, माया ऊन ठेव.
तुझी आक्का

पलूस, १६ सप्टेंबर

ती. सौ. आक्काताईस सा. नमस्कार.

सांगितलं. आजोबा ठसका लागेस्तोवर हसले. आण्णा पळत आले. त्यांना वाटलं, आटोपलं! मग आजोबांनी त्यांनाच धारेवर धरलं. म्हणाले, वखार काय माझ्या एकट्याच्या दंडावर न्हाई उभारली. हमालांच्या पाठी हायत तिच्यात. सरकार मागतंय तर द्या की! पर कर वाचवायला मी जगायचं, हे जिणं न्हाई रं, राखण झाली.

आणि आक्का, मी वखारींतला अर्धा वाटा तुझ्या नावावर करतोय, नाही म्हणायचं नाही. आण्णा रुसलेत, पण जेवले पोटभर.

आज कुंडलचं मैदान. लीलाचे वडील तिथं येणारेत. मागणी आजोबाच घालणार, पण शेवटची कुस्ती सुटल्यावर. फेटा बांधून ते केव्हाचे गाडीत बसलेत, मलाच शिव्या देतायत. आण्णा अजून दोन वर्षांचा हिशेब समजावतायत, तेही मलाच. तुझा लोभ पाठीशी असू दे. निघालो. आण्णांचा हिशेब आतच राहू दे, दार बाहेरून ओढून घेतो.

तुझा मानसिंग